मोतीच्या रक्षेसाठी केलेला लाकडी कलश तडकला, आता झाकणही उघडत नाही

टर्नरकाका, चिंचवड

नमस्कार मंडळी. मी ३२ वर्षं टूलरूममध्ये टर्नर होतो. लोखंड, पितळ, गनमेटल, सगळं हाताखालून गेलं. लाकडाच्या लेथवर आलो तो निवृत्तीनंतर. आतापर्यंत लाटणी, भोवरे, पाळण्याच्या खुंट्या असं बरंच केलं, पण आतून पोकळ असं हे पहिलंच काम.

आमचा मोती जानेवारीत गेला. कंपनीच्या गेटवर सापडलेलं पिल्लू, १३ वर्षं आमच्याकडे होता. शेवटी मूत्रपिंडं निकामी झाली. लेथ चालू असली की तो तिच्या सांगाड्याखाली, मोटरच्या बाजूला झोपायचा. अंगावर भुसा पडत राहायचा, त्याला काही नाही. मी चकची, म्हणजे लेथवर काम धरणाऱ्या जबड्याची, किल्ली ट्रेमध्ये टाकली की खण्णकन आवाज व्हायचा आणि तो उठून उभा. किल्ली पडली म्हणजे काम संपलं, आता फिरायला, हे त्याला पाठ. हल्ली मी किल्ली हळूच ठेवतो.

त्याचं एकट्याचं दहन करून रक्षा आम्ही घरी आणली. ती प्लास्टिकच्या पिशवीत राहू नये म्हणून कलश करायला घेतला. ऑक्टोबरच्या वादळात सोसायटीतल्या आंब्याची मोठी फांदी पडली होती. मोती दुपारी त्याच आंब्याखाली बसायचा, म्हणून तिचा ६ इंची ओंडका उचलून ठेवला होता. फेब्रुवारीत तो सरळ चकात धरला, बाहेरून कलशाचा आकार दिला, आतून पोखरला. वरची भिंत ४ मिलिमीटर, बूड १६. बुडाला खालून सागाची चकती फेव्हिकॉलने चिकटवली. तोंडाचा बोअर, म्हणजे आतला व्यास, ९० आणि झाकणाची आत बसणारी पायरी ८९.९५. झाकण ओढलं की टप्प असा आवाज यायचा. खरं सांगतो, त्या आवाजाने मला फार समाधान दिलं होतं. मोतीसाठी कामात कुठे कसूर ठेवली नाही असं वाटलं.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात, भर दुपारी, टक् असा आवाज झाला. बुडापासून वर ७० मिलिमीटर तडा. त्यात व्हिजिटिंग कार्ड आरामात जात होतं. आता पाऊस लागल्यापासून तोच तडा इतका मिटलाय की साधा कागदही जात नाही. पण झाकण घट्ट रुतून बसलंय. सौ.ला जूनमध्ये चपलांच्या रॅकमागे मोतीचा जुना पट्टा सापडला, घुंगरू लावलेला. तो तिला रक्षेसोबत ठेवायचाय. ती रोज विचारते, आणि मला पान्हा लावायची हिंमत होत नाही.

झाकण न मोडता कसं काढू? तडा आता मिटलाय तेव्हाच भरून टाकू का? आणि शेजारची मुलगी तिच्या मांजरीसाठी असाच एक मागतेय. तिला तडकणारी वस्तू द्यायची नाही. कुठे चुकलो ते स्पष्ट सांगा.

चितारआळीतला, सावंतवाडी

काका, मोतीचं वाचून वाईट वाटलं. आमच्या पडवीतही एक आहे, लेथ बंद होईपर्यंत हलत नाही.

तुमचा हात चुकला नाही, सवय आड आली. लोखंड तापलं तर सगळ्या बाजूंनी सारखं फुगतं. लाकडाचं तसं नाही. उभ्या रेषांच्या, म्हणजे धाग्यांच्या, लांबीत ते जवळपास हलतच नाही. गाभ्याकडून सालीकडे थोडं आक्रसतं आणि वर्षाच्या कड्यांच्या दिशेने त्याच्या साधारण दुप्पट. म्हणून आज गोल कातलेला जॉब वाळला की लंबगोल होतो आणि पावसात पुन्हा वेगळाच होतो. लंबगोल भोकात लंबगोल झाकण, आणि मध्ये पाच शतांश मिलिमीटरची फट. अडकणारच. सुक्या लाकडातही ही फिट पावसाळ्यात टिकत नाही, तुमचं तर चार महिन्यांचंच लाकूड होतं.

तडा बुडातून निघाला त्याचं कारण गाभा. अख्खा गोल ओंडका चकात धरला की गाभा मधोमध येतो. बाहेरच्या कड्या वाळताना आवळतात, आतला गाभा त्यांना आत सरकू देत नाही, मग कुठेतरी फाटतं. वरच्या भागात तुम्ही पोखरताना गाभा काढून टाकलात, बुडात तो राहिला. त्यात बूड १६ आणि भिंत ४. भिंत पंधरा दिवसांत वाळली असेल, बूड तेव्हा ओलंच होतं. शिवाय सागाची चकती आडव्या रेषांची चिकटवलेली, ती बुडाला आक्रसू देईना. यातलं एकही कारण तडा द्यायला पुरलं असतं.

आता झाकण. पान्हा नको, हातोडी नको, पिळूही नका. कुणाकडे एसी असलेली खोली असेल तर तिथे कलश आठ दिवस नुसता ठेवा. एसी हवेतलं पाणी काढतो, लाकूड हळूहळू ते सोडतं. घाईने उन्हात ठेवलात तर पातळ भिंत आधी आक्रसेल आणि दुसरा तडा जाईल. रोज एकदा झाकण दोन बोटांनी वर उचलून बघायचं, बस.

तडा आता भरू नका. मिटलेल्या तड्यात भरायला जागाच नाही. एप्रिलमध्ये उघडल्यावर पुटी किंवा भुसा-गोंद ठासून भरलात तर जूनमध्ये लाकूड फुगून त्या कडक भरणीवर दाबलं जाईल आणि पुढच्या उन्हाळ्यात शेजारी नवीन तडा दिसेल. फार तर तड्याच्या वरच्या टोकाशी आडवी, डमरूच्या आकाराची छोटी लाकडी खुंटी बसवा, म्हणजे तो आणखी वर चढणार नाही. तडा दिसेल, पण जागचा हलणार नाही. ४ मिलिमीटर भिंतीत ती बसवायला हात हलका लागतो, तो तुमच्याकडे आहे.

पुढच्या वेळी घरातला कुंकवाचा जुना कातीव करंडा समोर ठेवून काम करा. त्याचं झाकण बसतं, रुतत नाही. अर्धा मिलिमीटर मोकळीक ठेवा, आणि झाकण व भांडं एकाच तुकड्यातून, रेषा एकाच दिशेला ठेवून काढा, म्हणजे दोघं सारखीच हलतील. तोंडही लहान करा. ९० वर दोन टक्के म्हणजे १.८ मिलिमीटर, ४० वर ०.८. तोंड जितकं लहान तितकी डोकेदुखी कमी.

आमच्याकडे पांगारा वापरतात, हलका, पांढरट, सावंतवाडीची लाकडी फळं त्याचीच. पॉलिशऐवजी रंग हवा असेल तर रंगीत लाख लावून बघा. जॉब फिरत असताना लाखेची कांडी दाबून धरायची. घासण्याच्या उष्णतेनेच ती वितळते आणि लाकडावर पसरते. आधी रंग ठिपक्याठिपक्यांचा, खरबरीत दिसतो. मग केवड्याचं पान दुमडून दाबलं की तोच रंग एकदम ताणला जातो, आरशासारखा. कांडी जास्त दाबली तर लाख जळते, वास बदलतो. तो वास एकदा ओळखीचा झाला की हात आपोआप उचलला जातो. आणि जे काही लावाल ते आतूनही लावा. बाहेर लेप आणि आत कोरं असलं की लाकूड एकाच बाजूने पाणी पितं.

मेपलची_ढलपी, मिनेसोटा

काका, मी मूळची ठाण्याची, गेली ११ वर्षं इथे. आमची मनी गेली तेव्हा मीही लेथपाशी गेले होते, त्यामुळे तुमचं पत्र दोनदा वाचलं.

मापाबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. इथे लाकूड कातणारे एक ठोकताळा वापरतात: जनावराच्या दर पौंड वजनाला एक घन इंच जागा. आपल्या मापात दर किलोला साधारण ३६ मिलिलिटर. वजन धरायचं ते धडधाकट असतानाचं. आजारात मांस झडतं, हाडं तेवढीच राहतात, आणि रक्षा म्हणजे मुख्यतः हाडंच. मोती २४ किलोचा असेल तर सुमारे ८६५ मिलिलिटर, म्हणजे लिटरभर जागा हवी. शेजारच्या मांजरीला, ४ किलो धरलं तर, १४५. पण इथे रक्षा दळून बारीक करून देतात. तिकडे हाडांचे तुकडे तसेच असतात, त्यांना जागा जास्त लागते, म्हणून २०० च्या पुढे ठेवा. आतली जागा तपासायला कलशात तांदूळ भरायचे आणि ते मापाच्या भांड्यात ओतायचे. पाणी अजिबात नको.

चितारआळीतल्या दादांचं लहान तोंडाचं म्हणणं पटतं, पण तुमचा पट्टा आत गेला पाहिजे हे विसरू नका. मी यातून वाट काढली ती अशी: वरून कलश बंदच ठेवायचा आणि खालून उघडायचा. बाहेरचा आकार पुरा करून मग बुडातून ड्रिल घालायचं. टेलस्टॉकमध्ये, म्हणजे लेथच्या मागच्या सरकत्या डोक्यात, मोठं सपाट ड्रिल, हळू वेग, दर दोन सेंटिमीटरला मागे घेऊन भुसा झाडायचा. मग आतून स्क्रॅपरने, म्हणजे खरवडायच्या हत्याराने, हवं तेवढं रुंद करायचं. आतलं काम करताना स्क्रॅपरचं टोक मध्यरेषेच्या किंचित वर ठेवा, म्हणजे टोक दबलं तर रिकाम्या जागेत जातं, लाकडात घुसत नाही. बाहेरून बरोबर उलट. हत्यार घट्ट पकडणाऱ्या टूलपोस्टची सवय असलेल्या माणसाला हे मुद्दाम सांगते, कारण तिथे टोक दबतच नाही.

बुडाला आटे हवे असतील तर मऊ लाकडात पाडू नका, पहिल्याच उन्हाळ्यात तुटतील. नळकामाच्या दुकानात पीव्हीसीचा आट्यांचा बूच आणि त्याचा जोड मिळतो. जोड लाकडात चिकटवायचा, बुचावर लाकडी चकती लावायची. चिकटवताना सिलिकॉनसारखं थोडं लवचिक काहीतरी वापरा, प्लास्टिक हलत नाही आणि लाकूड हलतं.

आमच्याकडे पंचाईत उलटी आहे. बाहेर उणे २० आणि घरात हीटर, हवा इतकी कोरडी की हाताची कातडी फुटते. मनीचा कलश मी ऑगस्टमध्ये चेरीच्या लाकडात केला होता, जानेवारीत त्याचं झाकण सैल होऊन वाजायला लागलं. अमेरिकेतल्या लाकूड कातणाऱ्यांची संघटना १९८६ पासून आहे आणि तिचं मुख्य कार्यालय इथेच, सेंट पॉलला. तिच्या स्थानिक गटातल्या एका आजोबांनी मला वजनाची युक्ती शिकवली. ओलं लाकूड असेल तर आधी जाड कातायचं, व्यासाच्या दहाव्या हिश्शाएवढी भिंत सगळीकडे सारखी ठेवायची, बुडालाही तेवढीच. टोकांना मेण लावायचं. दर रविवारी स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करून पेन्सिलीने त्याच्यावरच लिहायचं. सलग तीन रविवार वजन हललं नाही की मग पुन्हा चकात धरून शेवटचा आकार द्यायचा. तोपर्यंत तो लंबगोल झालेला असतो, पण पुन्हा गोल करायला पुरेसं लाकूड शिल्लक असतं.

आणि मास्क लावा, काका. शिसवाची धूळ तर फार वाईट, अनेकांना अंगावर पुरळ येतं, श्वास लागतो. लोखंडाची धूळ खाली बसते, लाकडाची तासभर हवेत तरंगते.

बांधावरचा, नाशिक

तुमच्यातलं कसब मला कळत नाही, पण एक बोलतो. आमच्यात माणसाची रक्षा सावडल्यावर घरात आणत नाहीत. गाडगं किंवा कापडाची पुरचुंडी बाहेर झाडाला बांधतात आणि गोदावरीत विसर्जन करतात. तुमच्या घरी कुणी जुनं माणूस काही बोललं असेल तर मनाला लावून घेऊ नका. हे माणसाचं. जनावरासाठी ज्याचं त्याने मनाला पटेल ते करावं. आमचा बैल गेला तेव्हा वडिलांनी त्याला बांधाजवळ पुरलं आणि वर चिंच लावली. तिच्या सावलीत आता आम्ही जेवतो.

पुढेमागे मोतीला मातीत द्यायचं मनात आलं तर कलश कोऱ्या, मऊ लाकडाचा करा. पॉलिश नाही, गोंद नाही, प्लास्टिकचा बूच तर नाहीच. आणि रक्षा झाडाच्या मुळाशी तशीच ओतू नका. ती खारी आणि चुनखडीसारखी जहाल असते, रोप पिवळं पडतं. भरपूर माती आणि शेणखतात कालवून द्या.

टर्नरकाका, चिंचवड

सगळ्यांचे मनापासून आभार. थोडं उशिरा लिहितोय, कारण आधी करून बघायचं होतं.

वरच्या मजल्यावरच्या बिऱ्हाडात एसी आहे. त्यांना सांगितलं तेव्हा त्यांनी काही न विचारता मुलाच्या अभ्यासाच्या टेबलावर जागा करून दिली. सहाव्या दिवशी संध्याकाळी झाकण दोन बोटांत आलं. टप्प आवाज झाला नाही, नुसतं उचललं गेलं. मी व्हर्नियर घेऊनच गेलो होतो. तोंडाचा बोअर एका दिशेला ९०.१, दुसऱ्या दिशेला ८८.९. विश्वास बसेना म्हणून तीनदा मोजलं. १.२ मिलिमीटरचा फरक! आमच्या टूलरूममध्ये असा जॉब इन्स्पेक्शनच्या टेबलापर्यंतही पोचला नसता. इथे मात्र त्यात कुणाचा दोष नाही, लाकूड त्याच्या स्वभावाने वागलं. मी मात्र पट्टीच्या नियमाने त्याला बांधायला गेलो होतो.

झाकणाची पायरी कातून अर्धा मिलिमीटर मोकळी केली. बुडाची सागाची चकती पार्टिंग टूलने कापून काढली. त्या दिवसांत रक्षा पिशवीत बांधून देवघराच्या खालच्या कप्प्यात ठेवली होती. सौ.नेच ठेवली. तिने पट्टा गुंडाळी करून आत घातला तेव्हा घुंगरू एकदा वाजलं. मग रक्षेची पिशवी त्यावर ठेवली. आता झाकण सैल आहे, हलवलं की किंचित डुगडुगतं. पहिल्यांदा ते मला खुपलं. आता खुपत नाही.

नाशिकचे भाऊ, तुमचं उत्तर सौ.ला वाचून दाखवलं. माझी आई ८६ वर्षांची आहे, तिने सुरुवातीला विचारलं होतं की हे घरात कशाला. तुमचं ऐकून ती म्हणाली, मग आंबा आहेच की खाली. सोसायटीचा आंबा आहे, उरलेल्या फांद्यांना यंदा पालवी चांगली आली. सौ. अजून तयार नाही आणि मीही नाही. पण एक कोरं भांडं पांगाऱ्याचं करून ठेवणार आहे, कधी वाटलं तर हाताशी असावं. वाडीहून लाकडाचा एखादा तुकडा मिळेल का, चितारआळीतले दादा? पैसे आगाऊ पाठवतो.

तड्याला डमरूची खुंटी एप्रिलमध्येच बसवेन, तो पूर्ण उघडेल तेव्हा, म्हणजे त्याचं शेवटचं टोक कुठे आहे ते नीट दिसेल. कार्ड तेच वापरणार, ते कलशाशेजारीच ठेवलंय.

शेजारच्या मुलीच्या मांजरीसाठी जुन्या बाजारातून चौकटीचा साग आणला. पाडलेल्या वाड्यातला, किती दशकं वाळलेला कोण जाणे. आधी त्यावर चुंबक फिरवून दोन तुटके खिळे काढले, नाहीतर टूल गेलं असतं. व्यास ८५, उंची ९५ ठेवली. खालून ५० चं ड्रिल ८० मिलिमीटर खोल, मग स्क्रॅपरने ५८ पर्यंत रुंद. ताईंच्या सांगण्याप्रमाणे टोक मध्यरेषेच्या किंचित वर. पहिल्यांदा हात घाबरला, मग आवाजावरून कळायला लागलं: नीट लागलं की सुरसुर, चुकलं की खडखड. तांदळाने मोजलं, २१० मिलिलिटर भरले. घासायचा पेपर मुलीने स्वतः मारला, १२० पासून ३२० पर्यंत, फिरत्या जॉबवर नव्हे, लेथ बंद करून, रेषांच्या दिशेने. दीड तास ती मान वर न करता घासत होती. आतून-बाहेरून चपडीचे, म्हणजे लाखेच्या पॉलिशचे, दोन हात दिलेत, तिसरा उद्या.

राहिला त्याच आंब्याचा दुसरा तुकडा. या वेळी ओंडका मधोमध चिरला, गाभ्याची पट्टी काढून टाकली, आणि एका अर्ध्यातून १२० व्यासाचं भांडं १२ च्या भिंतीने जाड कातून ठेवलं. कशासाठी ते अजून ठरलं नाही. आंब्याला कीड लवकर लागते म्हणून बोरॅक्स-बोरिकच्या पाण्यात बुडवून काढलं, मगच वजनाला सुरुवात केली. बुडावर पेन्सिलीने लिहितोय. तीन रविवार झाले, वजन अजून उतरतंय.